तुलाराम आचाऱ्याचा मिठाचा हात

सानगडीकडून आमच्या गावाला येताना आधी तलावाची पाळ लागते. पाळीच्या खालच्या अंगाला तुलाराम कापगतेची दोन एकर धानाची शेती आहे. पण तुलारामला शेतीवरून कोणी ओळखत नाही. गेल्या चाळीस वर्षांत साकोली तालुक्यात ज्या ज्या घरी लग्न, बारसं किंवा तेरवी झाली, त्यातली निम्मी घरं त्याला आचारी म्हणून ओळखतात. आणि त्यातही त्याच्या मिठाच्या हातासाठी.

पाचशे माणसांच्या वांग्या-आलूच्या भाजीत मीठ घालायची वेळ आली की तुलाराम आजूबाजूच्या सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवायचा. पिशवीत हात घालून मूठ भरायचा, मूठ छातीपर्यंत उचलायचा, डोळे मिटायचा आणि सोडून द्यायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अर्धी. चाखणं नाही, कोणाला विचारणं नाही. "जो चाखते थो आचारी नोहोय, थो भुकेला होय," असं म्हणायचा. पंगतीत आजवर एकाही माणसाने मीठ मागितलं नाही, हे तो ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगायचा. आणि ते खरंही होतं. मी स्वतः त्याच्या हातच्या पंधरा-वीस पंगती जेवलोय. लोक पोटभर जेवत आणि ग्लासावर ग्लास पाणी पीत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका लग्नात भाजी ढवळताना त्याला दम लागला. सराटा कढईत तसाच उभा ठेवून तो तांदळाच्या पोत्यावर बसला. पायांकडे पाहिलं तर सुजलेले. चप्पल काढली तरी पट्टा पायावर उमटलेला, आणि बोटाने दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. "धुराचं होय," तुलाराम म्हणाला. पुढच्या लग्नात लाकडं नव्हती, गॅसची भट्टी होती. तिथेही दम लागला. "ग्यासचं होय," तुलाराम म्हणाला. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागला आणि बायकोला सांगितलं की असं झोपल्याने कंबर सरळ राहते. त्याची बायको रुखमा कमी बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं.

तिथे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "काका, हे हार्ट फेल्युअर आहे."

तुलारामला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. "फेल?" तो खाटेवर उठून बसला. "साहेब, मी चवथीतबी फेल नाई झालो!"

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि नीट समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, फक्त त्याचा पंप कमजोर झालाय. रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, म्हणून पायात आणि छातीत पाणी साचतं. तलावाच्या काठी जन्म काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. "मंजे नहर तुंबली," तो म्हणाला. मग डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या रोज, आणि सकाळी उठल्यावर वजन. तुलारामने चारही वेळा मान डोलावली.

घरी आल्यावर त्याने या चार गोष्टींचा आपल्या परीने अर्थ लावला. मीठ कमी म्हणजे ताटात वरून घ्यायचं बंद, भाजीत जे असेल ते असेल. पाणी मोजून म्हणजे किती गडवे झाले ते मोजायचं, थांबायचं नाही. वजन करायला काटा नव्हता, तेव्हा तो विषय संपला. राहिली गोळी. त्यातली एक लघवीची. ती घेतली की दोन तासांत पाच-सहा वेळा बाहेर पळावं लागे. घरी ते चालून जाई, पण लग्नाच्या दिवशी?

"कढईत भाजी अना आचारी बाभळीच्या मांगं, हे जमन काय?" तो रुखमाला म्हणाला, आणि ज्या दिवशी लग्न त्या दिवशी गोळी नाही असा कायदा करून टाकला. त्या वर्षी लग्नाच्या तिथी भरपूर होत्या. तुलाराम दोनदा भरती झाला.

दुसऱ्यांदा घरी आला त्याच महिन्यात गावात तृप्ती आली. कारध्याची पोरगी, नर्सिंग शिकलेली, वय सत्तावीस. नागपूरच्या एका संस्थेने तिच्यावर काम सोपवलं होतं. हृदय कमजोर असलेल्या खेड्यातल्या लोकांनी घरच्या घरी स्वतःला कसं सांभाळावं, याचा एक कार्यक्रम आखायचा आणि आधी आमच्या गावात चालवून पाहायचा. तिने तीन महिने खपून तो आखला होता. स्कूटीवर सहा वजनकाटे, सहा डायऱ्या आणि चित्रांची एक गुंडाळी बांधून ती आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मास्तरणीसारखं तेज होतं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत सहा पेशंट जमले. त्यात तुलाराम होता. सत्तरीचा कवडू लांजेवार होता, ज्याला कुठल्याही गोष्टीतून पळवाट दिसायची. आणि कुंताबाई होती. कुंताबाईने पंधरा वर्षं बायकांचा बचत गट चालवला होता, त्यामुळे खोटं बोलणाऱ्याकडे ती नुसती बघत राहायची आणि तो आपोआप खरं बोलू लागायचा.

तृप्तीने पहिलं चित्र उलगडलं. एक जाडजूड माणूस सोफ्यावर बसून पाकिटातले वेफर खात होता, आणि शेजारी बर्गर ठेवलेला.

"हा कोन होय?" कवडूने विचारलं.

"कोणीच नाही काका. असं खाऊ नये म्हणून दाखवून राहिले."

"आमी खातच नाई, त सोडू काय?" कवडू खूश झाला. "मंजे माह्यं सगळं बराबर हाये!"

मग तृप्तीने सांगितलं की दिवसभरात सगळं मिळून एका लहान चमच्याइतकंच मीठ पोटात जायला हवं. तिने पिशवीतून चमचा काढून दाखवला.  तुलारामने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई, येवढं त माह्या बोटाले चिकटून राह्यते," तो म्हणाला आणि चमचा परत दिला.

तरीही सगळ्यांनी काटा आणि डायरी घेतली. रोज सकाळी वजन करायचं, डायरीत लिहायचं, सूज-दम-खोकला यांच्या रकान्यात खूण करायची. डायरी अठ्ठेचाळीस पानांची होती.

महिन्याभराने तृप्ती तपासायला आली. आधी कुंताबाईकडे गेली. काटा देवळीत, देवांच्या रांगेत उभा होता आणि त्याला हळद-कुंकू लावलेलं.

"आजी, वजन नाही केलं?"

"दिवाळीले पूजा केली त्याची, पोरी. आता त्याच्यावर पाय कसा देऊ?"

कवडूकडे गेली. त्याने वजन केलं होतं, रोज केलं होतं, आणि ते रोज कमी होत चाललं होतं. तृप्ती घाबरली. तिने त्याला समोर वजन करायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. कवडूच्या घराची जमीन शेणाने सारवलेली, कुठे उंच कुठे सखल. काटा प्रत्येक कोपऱ्यात वेगळं वजन दाखवायचा. कवडूने महिनाभर संशोधन करून सगळ्यात कमी दाखवणारा कोपरा शोधला होता, तो उतरंडीमागे. "इथं मी पंचेचाळीस किलो भरतो," त्याने अभिमानाने सांगितलं. "दारात एक्कावन."

शेवटी ती तुलारामकडे आली. त्याची डायरी मात्र सुंदर होती. प्रत्येक पानावर, ओळीओळीत ठळक अक्षरात वजन अठ्ठावन्न. तृप्ती पानं उलटत गेली. आजची तारीख आली, गेली, आणि पुढेही अठ्ठावन्न चालूच. थेट होळीपर्यंत.

"काका, हे काय?"

"रोज रोज कोन लिहीन? एका बैठकीत उरकून टाकलं."

तृप्ती ओसरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती डायरीत तोंड घालून बसली. तीन महिन्यांची मेहनत होती. तुलारामला पोरीबाळींचं रडणं सहन होत नाही. तो घाईघाईने आत गेला, चहा घेऊन आला आणि समोर उकिडवा बसला.

"एक सांग मले," तो म्हणाला. "हे सारं तुवा कुठं बसून रांधलं?"

"नागपूरले. ऑफिसात."

"अना जेवाले कोन येनार हायेत, हे कोनाले पुसलं?"

तृप्तीने डायरी मिटून मांडीवर ठेवली.

"मी लग्नाची सुपारी घेतो त आंधी पुसतो. मानसं किती? बिनदाताचे म्हतारे किती? लसून नाई खात थे किती? भट्टी कुठं लागते, पानी कुठून आनाचं? थे मालूम झाल्याबिगर मी कांदाबी नाई कापत. तुवा त सारा सयपाक करून आनला, अना इथं पंगतच दुसरी बसली हाये."

तृप्तीने डोळे पुसले, डायरी उलटी केली आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली. "सांगा काका. वजन कुठं करता येईल?"

तुलाराम एका क्षणात म्हणाला, "भैय्यालालकडे."

भैय्यालालचं धानाचं दुकान चौकात आहे. त्याच्याकडे पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पक्क्या सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला, शंभर ग्रॅमचाही फरक दाखवणारा. भैय्यालालने अट घातली की सकाळी सातच्या आत या, त्यानंतर पोत्यांचा नंबर. दुसऱ्या दिवसापासून सहा पेशंट अंघोळ-पाण्याआधी तिथे जमू लागले. कवडूने पहिल्या दिवशी ओट्याचे चारही कोपरे न्याहाळले आणि निराश झाला. कुंताबाईने नियम काढला की ती काट्यावर असताना पुरुषांनी तलावाकडे तोंड करून उभं राहायचं. भैय्यालाल आकडा तिच्या कानात सांगायचा आणि एका वहीत लिहून ठेवायचा. डायऱ्या बंद झाल्या. राहिला एकच नियम, तोही तृप्तीने वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला. तीन दिवसांत दोन किलो वाढले, की तृप्तीला फोन.

गोळीचंही जमलं. तृप्तीने डॉक्टरांना विचारलं की लग्नाच्या दिवशी तुलारामने ती पंगती उठल्यावर, तीन वाजता घेतली तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, चालेल, चुकवण्यापेक्षा केव्हाही बरं. इतका साधा प्रश्न वर्षभरात कोणी विचारला नव्हता. तुलारामनेही नाही.

मिठाचा भाग तिने तुलारामवरच सोपवला. सहा घरांना कमी मिठाचं रांधायला शिकवायचं. तो आधी भडकला. "मी? बेचव रांधू? लोकं थुकतीन माह्यावर." पण रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, एकदा पाहू. पहिल्या दिवशीच्या वरणाचा एक घास घेऊन रुखमाने ताट बाजूला सरकवलं. "धानाच्या बांधीतलं पानी होय का हे?" दुसऱ्या दिवशी त्याने अंबाडीची भाजी घातली. मग चिंच, कच्चा आंबा, भाजलेली जवस, लसणाचा ठेचा, वरून लिंबू. आठ-दहा दिवसांत त्याला सूर सापडला. आंबट आणि तिखट पुढे केलं की जीभ मिठाची वाट पाहत नाही. तो सहाही घरी जाऊन, चुलीपुढे बसून बायकांना शिकवून आला. कुंताबाईने सुद्धा मान डोलावली. सूज उतरली. तुलाराम पाळ चढताना तीनदा थांबायचा, तो एकदा थांबू लागला. थंडी सरेपर्यंत सहापैकी कोणीही भरती झालं नाही, आणि तृप्तीच्या संस्थेतले साहेब फोनवर तिच्याशी गोड बोलू लागले.

आणि मग एप्रिल आला.

एका सोमवारी भैय्यालालच्या काट्यावर तुलाराम उभा राहिला. आकडा साठ पूर्णांक नऊ. भैय्यालालने वही पाहिली. शनिवार-रविवारची जागा रिकामी, शुक्रवारी अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

"उतरून परत चढ," कुंताबाई म्हणाली. तो चढला. साठ पूर्णांक नऊ.

"काटा बिघडला असन," तुलाराम म्हणाला.

कवडू लगेच काट्यावर चढला. रोजचेच एक्कावन्न. "काटा चांगला हाये," तो आनंदाने म्हणाला.

 कुंताबाई नुसती तुलारामकडे बघत राहिली. आमच्या गावात ह्या नजरेपुढे भलेभले टिकले नाहीत. तुलारामने आधी आकाशाकडे पाहिलं, मग पोत्यांकडे, मग खाली ओट्यावर बसला.

"चाखलं," तो म्हणाला.

"काय चाखलं?"

"सारंच."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी साकोलीच्या एका लग्नात त्याने नेहमीसारखी डोळे मिटून मूठ सोडली होती. पंगत बसली. दुसऱ्या घासाला एक पाहुणा म्हणाला, "मीठ आना जी." मग शेजारचा. मग अख्खी ओळ. वाढपी मिठाच्या वाट्या घेऊन धावत होते, आणि तुलाराम भट्टीमागे उभा राहून ते ऐकत होता. चार महिने अळणी खाऊन त्याचा हात बदलला होता. जिभेला जेवढं पुरे वाटे, तेवढंच हाताला पुरे वाटू लागलं होतं. त्यानंतर त्याला मुठीवर भरवसा राहिला नाही. चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं, ते तो करू लागला. चोरून चाखू लागला. कढईतून एक पळी, मीठ, परत एक पळी, मग वरण, मग कढी. शनिवारी-रविवारी लागोपाठ तीन लग्नं होती. सगळी भांडी मिळून त्याने किती चाखलं याचा त्यालाच पत्ता नव्हता. वरून तहान लागली म्हणून पाणीही प्यायला.

"मले सांगाची शरम वाटली," तो म्हणाला. "आचारी म्हनून कोन बलावन मले?"

कोणी हसलं नाही. कवडूही नाही. भैय्यालालने फोन लावला. तृप्ती तासाभरात आली, पाय दाबून पाहिले, डॉक्टरांशी बोलली. दोन दिवस गोळीचा डोस वाढवला, पाणी दिवसाला दोन गडवे मोजून. गुरुवारी काटा साडेअठ्ठावन्नवर आला. मागच्या वर्षी अशाच सुजेचा शेवट दवाखान्याच्या खाटेवर झाला होता.

पण लग्नं उभी होती, आणि हात गेला होता. तृप्तीने सुचवलं, "काका, चाखायला दुसरं माणूस ठेवा ना. मावशीले न्या."

"हिले?" तुलाराम हसला. "हिले काय समजते मिठाचं?"

रुखमा दाराशी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"चाळीस साल झाले, तुमच्या हातची भाजी खारट राह्यते," ती म्हणाली.

तुलाराम तिच्याकडे वळला.

"खारट?" तुलाराम म्हणाला.

"लोकं गडव्या-गडव्यानं पानी पेत, थे काहून पेत? तुमाले वाटे तारीफ करून राहिले."

"अना तू आजपावतर बोलली काहून नाई?"

"तुमी पुसलं कवा?"

तृप्तीने आपली वही तोंडापुढे धरली, पण तिचे खांदे हलत होते.  आधी तुलारामला राग आला, मग संशय आला, मग त्याने मनातल्या मनात जुन्या पंगती आठवून पाहिल्या असाव्यात, कारण त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मला रस्त्यात गाठून विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. माही भाजी खारट राहे?" मी म्हणालो, थोडी. तो तसाच निघून गेला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या लग्नात रुखमा त्याच्यासोबत गेली. तो मूठ सोडायचा, ती पळीभर चाखायची आणि नुसती मान हलवायची. होकाराची मान आडवी की उभी यावरून त्यांचं पहिल्याच दिवशी भांडण झालं. पण त्या पंगतीत मीठही कोणी मागितलं नाही आणि पाणीही बेताचंच लागलं. त्या मोसमात त्याने स्वतः एक थेंबही न चाखता नऊ लग्नं पार पाडली.

जूनमध्ये भंडाऱ्याला तृप्तीच्या संस्थेची बैठक होती. आमच्या गावातल्या कामाची माहिती ऐकायला साठेक डॉक्टर आणि साहेबलोक येणार होते, आणि दुपारचं जेवण तृप्तीने तुलारामला सांगितलं. सगळं कमी मिठाचं, पण आधी कोणाला सांगायचं नाही. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कैरीचं वरण, भात. साहेबलोकांनी दोन-दोनदा घेतलं. जेवणानंतर तृप्तीने उभं राहून सांगितलं की आजच्या ताटात मीठ निम्मंच होतं, तेव्हा टाळ्या झाल्या. फक्त एका मोठ्या हृदयतज्ज्ञाच्या ताटाशेजारी मिठाची रिकामी वाटी सापडली. त्यांनी वाढप्याकडून हळूच मागवून घेतली होती. तुलारामला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "त्याइले बी काट्यावर उभं करा लागते."

बैठकीत कोणीतरी विचारलं, हा कार्यक्रम दुसऱ्या गावात जसाच्या तसा नेता येईल का. तृप्ती म्हणाली, काटा नेता येईल, कागद नेता येतील, पण तिथे आधी महिनाभर नुसतं विचारत फिरावं लागेल. ते ऐकून दोन साहेबांचे चेहरे उतरले, कारण त्यांनी दहा गावांच्या डायऱ्या आधीच छापून ठेवल्या होत्या.

आता तिला पलीकडच्या गावात सुरुवात करायची आहे. तिने तुलारामला सोबत यायला सांगितलं. तो म्हणाला, रोवणं झाल्यावर येतो. सध्या त्याच्या बांधीत रोवणं चालू आहे. बाया चिखलात ओळीने धान लावतायत आणि तुलाराम पाळीवर छत्री धरून बसलाय. चिखलात उतरायची मनाई डॉक्टरांनी केलेली नाही, रुखमाने केली आहे. तो वरून ओरडून सांगतो की ही ओळ वाकडी, ती रोपं दाट. बाया ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग तो रुखमाला हाक मारतो, आणि ती चिखलातूनच, मान वर न करता म्हणते, "बसून राहा जी."